दुकानातल्या प्रत्येक मशीनला पत्ता द्या: आयपी ॲड्रेसचं गणित गल्ल्यावर बसून समजेल असं



आपल्या बॅचमध्ये हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच: "सर, बिलाचा प्रिंटर काल रात्रीपर्यंत मस्त चालत होता. सकाळी दुकान उघडलं, आम्ही कशालाही हात लावला नाही, तरी प्रिंट येत नाही. प्रिंटर गेला का?"

दहापैकी बऱ्याच वेळा प्रिंटरला काहीही झालेलं नसतं. त्याचा पत्ता बदललेला असतो. पण हे माहीत नसल्यामुळे काय होतं बघा. शनिवारची संध्याकाळ, समोर सात-आठ गिऱ्हाइकं, तुम्ही हाताने बिलं लिहिताय, टेक्निशियन "अर्ध्या तासात येतो" म्हणून दोन तासांनी येतो, दोन मिनिटं काहीतरी खुडबुड करतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. पंधरा दिवसांनी परत तेच. व्हिजिटचा खर्च एक वेळ सोडा, पण रांगेतून परत गेलेलं गिऱ्हाईक कुठल्या खात्यात मांडायचं?

आम्हाला बीबीएला मार्केटिंगचे चार 'पी' शिकवले, आयपीमधला 'पी' कुणी शिकवला नाही. पण आज छोट्या दुकानातही बिलिंगचा कॉम्प्युटर, थर्मल प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, बोटाचा ठसा घेणारी हजेरी मशीन, टॅब आणि वर घरच्यांचे मोबाइल हे सगळं एकाच राउटरवर चालतं. म्हणून हा विषय दुकानदाराला माहीत हवाच. इंजिनिअर व्हायची गरज नाही, बेरीज-वजाबाकी आली तरी पुरे. व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, इथे शांतपणे वाचा आणि वहीत उतरवा.

पत्ता म्हणजे काय? नवी मुंबईचंच उदाहरण घ्या

माझं दुकान घणसोली गावात. गावठाणात पत्ता सांगायची आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे: "देवळाच्या मागे या, तिथे कुणालाही विचारा." माणूस विचारत विचारत पोचतो. मशीनला असं विचारता येत नाही. तिला नेमका नंबर लागतो.

आता गावठाणाच्या बाहेर सिडकोने वसवलेल्या भागात चला. तिथे पत्ता कसा असतो? सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. आयपी ॲड्रेस अगदी तसाच आहे. समजा प्रिंटरचा पत्ता आहे १९२.१६८.१.२०. यात पहिले तीन आकडे, म्हणजे १९२.१६८.१, हा झाला सेक्टर. शेवटचा २० हा झाला प्लॉट नंबर.

आकडे चारच असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमध्येच असतो. २५५ च का? कारण प्रत्येक आकड्याला कॉम्प्युटरच्या भाषेतल्या आठ जागा मिळतात, आणि आठ जागांत ० किंवा १ भरायचे २५६ प्रकार होतात. शून्यापासून मोजायला लागलो की शेवट २५५ वर येतो. म्हणून कुणी तुम्हाला १९२.१६८.१.३०० असा पत्ता लिहून दिला, तर तो चुकलाय हे तुम्ही लगेच ओळखाल.

सेटिंगच्या पानावर आणखी दोन रकाने दिसतात. घाबरू नका.

सबनेट मास्क: बहुतेक वेळा २५५.२५५.२५५.० असतो. जिथे २५५ आहे तिथपर्यंत सेक्टर, जिथे ० आहे तो प्लॉट नंबर, एवढंच तो सांगतो. अशा एका सेक्टरमध्ये २५६ नंबर होतात. त्यातला पहिला ० हा सेक्टरचं नाव म्हणून आणि शेवटचा २५५ हा 'सगळ्यांना हाक मारायला' राखीव असतो. राहिले २५४. दुकानाला भरपूर झाले.

गेटवे: सेक्टरमधून बाहेर पडायचा नाका. हा तुमच्या राउटरचा पत्ता. कुणाकडे १९२.१६८.१.१, कुणाकडे १९२.१६८.०.१, कुणाकडे १९२.१६८.२९.१. आपल्याच सेक्टरमधल्या मशीनशी बोलायचं तर नाक्यावर जावं लागत नाही. इंटरनेटवर जायचं असेल तरच जावं लागतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते: इंटरनेट बंद असलं तरी बिलाचा प्रिंट यायलाच पाहिजे, कारण कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच सेक्टरचे शेजारी आहेत. बिलिंगचं सॉफ्टवेअर ऑनलाइन चालणारं असेल तर गोष्ट वेगळी. पण सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवरच असेल आणि नेट गेल्यावर प्रिंटही थांबत असेल, तर बिघाड दुकानाच्या आत शोधा. कंपनीला फोन लावण्यात वेळ घालवू नका.

माझाही १९२.१६८, तुमचाही १९२.१६८. मग घोटाळा होत नाही का?

चांगला प्रश्न. सेक्टर ९ घणसोलीत आहे, वाशीतही आहे. तरी पोस्टमन गोंधळत नाही, कारण घणसोलीचा पिनकोड ४००७०१ आणि वाशीचा ४००७०३.

इंटरनेटचे हे चार आकड्यांचे पत्ते १९८१ मध्ये ठरले. एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ते अफाट वाटले. पण जगभर कॉम्प्युटर वाढत गेले आणि पत्ते कमी पडणार हे दिसायला लागलं. मग फेब्रुवारी १९९६ मध्ये 'आरएफसी १९१८' नावाच्या दस्तऐवजाने तीन पट्टे घरगुती वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. हे पत्ते कुणीही, कुणाला न विचारता, फुकट वापरायचे. अट एकच, ते आतल्या आतच चालतात. बाहेरच्या इंटरनेटवर हा पत्ता कुणी ओळखत नाही.

बाहेर जाताना राउटर तुमच्या सगळ्या मशीनच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता वापरतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला वाटून देतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमन सगळ्यांची पार्सलं घेतो आणि ज्याच्या त्याच्या फ्लॅटला पोचवतो, तसंच हे. ही युक्ती नसती तर पत्ते कधीच संपले असते. तरीही जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झालेच.

त्यावरचा कायमचा उपाय म्हणजे आयपीव्ही६ नावाचे नवे, लांबलचक पत्ते. त्यात आपला देश मागे नाही बरं का. ठाणे-बेलापूर रोडवरचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आपल्या घणसोलीतच आहे. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली ती आयपीव्ही६ धरूनच, आणि आज आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. पण दुकानातला थर्मल प्रिंटर आणि डीव्हीआर अजून जुन्या चार आकड्यांवरच चालतात, म्हणून आपला अभ्यास तिथेच.

पत्ता आपोआप का बदलतो?

राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते. नवीन मशीन आली की राउटर स्वतःच तिला रिकामा नंबर देतो. लॉजवर गेल्यावर काउंटरवरचा माणूस रिकाम्या खोलीची चावी देतो ना, तसंच. चावी कायमची नसते, ठरावीक मुदतीची असते. मुदत संपताना मशीन ती वाढवून घेते.

आता लाइट जाऊन आली समजा. राउटर, कॉम्प्युटर, प्रिंटर, वरचा टीव्ही सगळे एकदम सुरू झाले आणि सगळे चावी मागायला धावले. कित्येक राउटर बंद होऊन सुरू झाले की जुनी नोंद विसरतात. काल प्रिंटरला २३ नंबर मिळाला होता, आज तो नंबर टीव्हीला गेला आणि प्रिंटरला २७ मिळाला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र अजून "प्रिंटर म्हणजे २३" असंच लिहिलेलं आहे. तो बिचारा बिल घेऊन टीव्हीचं दार वाजवतोय. प्रिंटर धडधाकट, कॉम्प्युटर धडधाकट, आणि तुम्ही टेक्निशियनला फोन करताय!

यावरून नियम लक्षात ठेवा: ज्या मशीनकडे दुसरे कामासाठी येतात, तिचा पत्ता पक्का हवा. जी स्वतःच बाहेर जाते, तिचा बदलला तरी चालेल. प्रिंटर, डीव्हीआर, हजेरी मशीन, बिलिंगचा मुख्य कॉम्प्युटर, हे पक्के. मोबाइल, टॅब, लॅपटॉप, टीव्ही, हे राउटरच्या भरवशावर.

पक्का पत्ता देण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत, मशीनमध्येच पत्ता लिहून टाकायचा. याला स्टॅटिक आयपी म्हणतात. सोपं आहे, पण एक खाच आहे. तुम्ही प्रिंटरला हाताने ५० नंबर दिलात, आणि राउटर मात्र २ ते २५४ सगळे नंबर वाटतोय. प्रिंटर बंद असताना नेमका ५० नंबर कुणाच्या तरी मोबाइलला गेला की एका खोलीच्या दोन चाव्या झाल्या. कधी प्रिंट येतो, कधी येत नाही. याला आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आणि हा बिघाड शोधायला सगळ्यात त्रासदायक, कारण तो सतत दिसत नाही. म्हणून आधी राउटरमध्ये वाटपाची मर्यादा घाला: डीएचसीपीने फक्त १०० ते १९९ वाटायचे. १०० च्या खालचे नंबर आपल्या हातात.

दुसरी पद्धत, राउटरलाच सांगून ठेवायचं की "हे मशीन आलं की त्याला हाच नंबर दे." राउटरच्या सेटिंगमध्ये याला ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा आयपी-मॅक बाइंडिंग म्हणतात. इथे मॅक ॲड्रेस लागतो. मॅक म्हणजे गाडीचा चेसिस नंबर समजा, आणि आयपी म्हणजे पार्किंगचा नंबर. पार्किंग बदलतं, चेसिस नंबर कारखान्यात ठरलेला असतो. मॅकमध्ये बारा अक्षरं-आकडे असतात, दोन-दोनच्या सहा जोड्यांत, आणि बहुतेक मशीनच्या मागच्या स्टिकरवर ते छापलेले असतात. काही राउटर राखीव नंबर वाटपाच्या मर्यादेतलाच मागतात. तसा द्या, राउटर तो दुसऱ्याला देत नाही.

मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण सगळा हिशोब एका जागी राहतो. पण राउटर बदलला की तो हिशोब नव्या राउटरमध्ये परत भरावा लागतो, हे ध्यानात असू द्या. मोबाइलसाठी मात्र ही भानगड नको. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न दाखवता बनवलेला मॅक दाखवतात.

वहीत हा तक्ता करा

समजा राउटर १९२.१६८.१.१ आहे. मग:

- १: राउटर
- १० ते १९: बिलिंगचे कॉम्प्युटर
- २० ते २९: प्रिंटर (काउंटरचा २०, किचनचा किंवा गोडाऊनचा २१)
- ३० ते ३९: डीव्हीआर आणि कॅमेरे
- ४० ते ४९: हजेरी मशीन
- १०० ते १९९: मोबाइल, टॅब, पाहुणे (राउटर वाटेल)

प्रत्येकासमोर मशीनचं नाव, मॅक आणि तारीख लिहा. ही वही उधारीच्या वहीइतकी सांभाळा. उद्या दुसरं काउंटर टाकलंत तर नंबर शोधत बसावं लागणार नाही, ११ आणि २२ तयारच आहेत.

नवीन थर्मल प्रिंटर जोडताना

१. प्रिंटरची स्लिप काढा. बहुतेक थर्मल प्रिंटरमध्ये फीडचं बटण दाबून धरायचं आणि पॉवर चालू करायची. सेल्फ टेस्टची स्लिप येते. नेटवर्कचा प्रिंटर असेल तर तिच्यावर त्याचा आयपी छापलेला असतो.

२. तुमचा सेक्टर बघा. विंडोजमध्ये स्टार्टला 'सीएमडी' टाइप करा. काळी खिडकी उघडेल. तिथे 'आयपीकॉन्फिग' ही कमांड इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा. तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता, मास्क आणि गेटवे तिन्ही दिसतील.

३. दोन्ही जुळतात का बघा. कारखान्यातून येणाऱ्या काही प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१२३.१०० असतो. तुमचा सेक्टर १९२.१६८.१ असेल, तर केबल लावली, हिरवा दिवा लागला तरी दोघं बोलणार नाहीत. सेक्टर वेगळा आहे ना!

४. जुळवून घ्या. थोड्या वेळासाठी कॉम्प्युटरलाच १९२.१६८.१२३.५० हा पत्ता द्या. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत प्रिंटरचा पत्ता टाका. बऱ्याच प्रिंटरमध्ये सेटिंगचं पान उघडतं, नाहीतर कंपनीचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं. तिथे १९२.१६८.१.२० भरा, सेव्ह करा, आणि कॉम्प्युटर परत 'आपोआप पत्ता घे' वर ठेवा.

५. विंडोजला नवा पत्ता सांगा. प्रिंटर प्रॉपर्टीज, तिथे पोर्ट्स, तिथे ॲड पोर्ट, तिथे स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट. पत्ता टाका, टेस्ट प्रिंट काढा.

बिघाड झाला तर आधी हे बघा

काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून एक जागा सोडून प्रिंटरचा पत्ता टाका. 'रिप्लाय' आला आणि तो प्रिंटरच्याच पत्त्यावरून आला, तर रस्ता ठीक आहे. मग बिघाड कागद, ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअरमध्ये. 'टाइम्ड आउट' किंवा 'अनरिचेबल' आलं, तर केबल, स्विच किंवा पत्ता तपासा.

कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजायचं, राउटरने चावी दिलीच नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक नंबर घेऊन टाकला. राउटर चालू आहे का, केबल सैल आहे का, हे आधी बघा.

आणखी एक नेहमीची केस. गावठाणात खाली दुकान आणि वर घर. नेट कंपनीचा डबा वर, म्हणून खाली रेंजसाठी आपण दुसरा राउटर आणून लावतो. आता दोन नाके आणि दोन सेक्टर झाले. आतल्या राउटरवरचं मशीन बाहेरच्याशी बोलू शकतं, पण बाहेरच्या राउटरवरच्या कॉम्प्युटरला आतला प्रिंटर सापडत नाही. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडा. मग तो फक्त वायफाय देतो, पत्ते वाटत नाही. सेक्टर एकच राहतो.

'स्टॅटिक आयपी घ्या' म्हटलं तर आधी विचारा: कुठला?

इथे पैसे जातात, म्हणून नीट वाचा. एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत. दुकानाच्या आतला स्टॅटिक आयपी, जो आपण वर दिला, तो फुकट. नेट कंपनीकडून मिळणारा सार्वजनिक स्टॅटिक आयपी वेगळा, त्याचे सहसा वेगळे पैसे लागतात. प्रिंटर, बिलिंग, हजेरी मशीन हे दुकानातल्या दुकानात चालवायला सार्वजनिक आयपीची काहीही गरज नाही. कुणी त्यासाठी प्लॅन वाढवायला सांगत असेल, तर "का?" असं विचारा आणि उत्तर समजेपर्यंत पैसे देऊ नका.

घरून कॅमेरे बघायचे असतील तर आधी डीव्हीआर कंपनीचं अधिकृत ॲप वापरून बघा. बऱ्याच नेट जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा म्हणजे वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये दिसला, तर तुमची जोडणी तशीच आहे. तिथे कुणी कितीही 'पोर्ट उघडून देतो' म्हटलं तरी बाहेरून थेट येता येणार नाही.

आणि येता येत असेल तर जास्त काळजी घ्या. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले. त्याची युक्ती साधी होती: कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड एकामागून एक टाकून बघायचे. ज्यांनी ते बदलले नव्हते त्यांची मशीनं गेली. त्याच मशीनांचा वापर करून २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या मोठ्या वेबसाइट काही तास अडवून धरल्या. ज्यांच्या दुकानात ते डीव्हीआर होते, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही लागला नसेल.

म्हणून डीव्हीआरचा आणि राउटरचा पासवर्ड आजच बदला. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचंच असेल तर राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' चालू करून तेच द्या. बिलिंगच्या सेक्टरमध्ये पाहुणे नकोत.

गृहपाठ: सुट्टीच्या दिवशी एक तास

- राउटरच्या पानावर लॉगिन करून जोडलेल्या मशीनची यादी बघा. ओळखू न येणारं काही असेल तर वायफायचा पासवर्ड बदला.
- वाटपाची मर्यादा १०० ते १९९ करा.
- प्रिंटर, डीव्हीआर, हजेरी मशीन यांना पक्के नंबर द्या.
- मुद्दाम सगळं बंद करून परत चालू करा आणि टेस्ट प्रिंट काढा. आला? मग लाइट गेली तरी चिंता नाही.
- यापुढे कुणीही टेक्निशियन काम करून निघाला की पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या: मशीनचा आयपी, मॅक, लॉगिनचं नाव, पासवर्ड.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. दुकान तुमचं, माल तुमचा, मग राउटरचा पासवर्ड दुसऱ्याच्या डायरीत का? टेक्निशियनला जरूर बोलवा, तो त्याच्या कामात हुशार असतो. पण त्याला "प्रिंटर चालत नाही" असं सांगण्याऐवजी "प्रिंटरचा पत्ता २० आहे, पिंगला उत्तर येत नाही, केबल बदलून बघितली" असं सांगा. काम लवकर होईल, आणि बिलही योग्यच लागेल.